ऐकू आलं की बोट वर!

दोस्तांनो, या आठवड्यात पत्रापासूनच सुरुवात करू या. नववीतल्या एका मैत्रिणीनं लिहिलंय, ‘माझ्या छोट्या चुलतभावाला जिल्हा रुग्णालयात नेलं होतं. तिथे एका ताईंनी त्याला काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावला आणि बाहेर बसून कितीतरी वेळ बटणं दाबत होत्या. आजी म्हणते त्या डॉक्टरीणबाई. काका म्हणतात, छे, त्या मशीनवाल्या. त्या नक्की कोण? आणि तसं व्हायला काय शिकावं लागतं?’

मैत्रिणी, आजीचा अंदाज चुकला आणि काकांचा तर जास्तच चुकला. त्या ताई होत्या ऑडिऑलॉजिस्ट. मराठीत श्रवणतज्ज्ञ म्हणतात, पण रुग्णालयाच्या पाटीवर तुम्हाला ‘ऑडिऑलॉजी’ हाच शब्द दिसेल. कान फुटला, पडद्याला भोक पडलं, शस्त्रक्रिया करायची आहे, औषध द्यायचं आहे, तर ते काम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं. ऐकू किती येतं, कोणते आवाज येतात आणि कोणते येत नाहीत, बिघाड कानाच्या कुठल्या भागात आहे, श्रवणयंत्र लागेल का आणि लागलं तर ते त्या माणसाच्या कानाला कसं जुळवायचं, हे काम ऑडिऑलॉजिस्टचं. हातात सुई नाही, चाकू नाही, औषधाची चिठ्ठी नाही. पण कानाच्या डॉक्टरांना पुढचं पाऊल टाकण्याआधी यांचाच कागद समोर लागतो.

हा विषय तसा तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धात तोफा, बॉम्ब आणि विमानांच्या आवाजानं हजारो सैनिकांचे कान गेले. त्यांना पुन्हा माणसांत आणायचं कसं, या प्रश्नातून अमेरिकेत लष्करी रुग्णालयांमध्ये ही विद्या आकाराला आली. रेमंड कारहार्ट हे त्यातलं मोठं नाव. आपल्याकडे मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरला साठच्या दशकात हे शिक्षण सुरू झालं. म्हणजे तुमच्या आजी-आजोबांच्या शाळेच्या दिवसांत भारतात हा धंदा जवळजवळ नव्हताच!

आता अंक बाजूला ठेवा आणि एक गंमत करा. तोंड मिटून ‘म्‌ऽऽऽ’ असा आवाज काढा. काढत असतानाच उजव्या कानात बोट घाला. काय झालं? आवाज उजवीकडे सरकला ना? कान बंद केला, तर आवाज कमी व्हायला हवा होता; उलट त्याच कानात तो मोठा झाला. आता डावा बंद करून पाहा. घरातल्या सगळ्यांना करायला लावा.

याचं कारण असं की आपल्याला आवाज दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेतून, कानाच्या भोकातून आत जाणारी. दुसरी कवटीच्या हाडांतून. कानाचं भोक बुजलं की बाहेरचे आवाज अडतात, पण हाडातून आलेला आवाज आतच कोंडला जातो आणि मोठा वाटतो. तुमच्या प्रयोगशाळेतला तो नादकाटा आठवतो? तो वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, ‘आवाज कुठल्या बाजूला येतोय?’ ज्याच्या एका कानात मळ किंवा पाणी साचलंय, तो हमखास त्याच खराब कानाकडे बोट दाखवतो. ज्याची आतली नस अधू झालीय, तो चांगल्या कानाकडे दाखवतो. एका नादकाट्यावर, दोन मिनिटांत, बिघाड बाहेर आहे की आत याचा पहिला सुगावा लागतो. हे वाचून तुम्हाला ‘अरेच्चा!’ असं वाटलं असेल, तर पुढचं वाचाच. हा अभ्यास तुमच्यासाठी असू शकतो.

शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे बी.ए.एस.एल.पी. ही पदवी. नाव लांबलचक आहे: बॅचलर इन ऑडिऑलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. म्हणजे ऐकणं आणि बोलणं, दोन्हीचं शिक्षण एकत्र. तीन वर्षं अभ्यास आणि चौथं वर्ष पूर्णवेळ रुग्णांमध्ये काम, ज्याला इंटर्नशिप म्हणतात. त्यानंतर ज्याला कानाकडेच वळायचं आहे त्याच्यासाठी दोन वर्षांची एम.एस्सी. ऑडिऑलॉजी. बोलण्याकडे वळायचं असेल, तर त्याची एम.एस्सी. वेगळी.

पहिल्या वर्षी बरीच मुलं चक्रावतात, कारण वर्गात सगळ्याच शाखा घुसलेल्या असतात. शरीररचना आहे. मधल्या कानातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं तुम्हाला शाळेतच भेटली असतील. त्यातलं रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. त्याच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची कॉक्लिया, आणि तिच्या आत केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५ ते १६ हजार पेशी. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर असतात. कानाला मिळाल्या एवढ्याच! शिवाय माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात मात्र उगवतात. कोंबडीला जे जमतं ते आपल्याला का जमत नाही, यावर जगभर संशोधन चाललं आहे.

मग भौतिकशास्त्र येतं. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये, मोठेपणा डेसिबलमध्ये. डेसिबलचं गणित साध्या पट्टीचं नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट. नुसता ३ चा फरक म्हणजे ऊर्जा जवळजवळ दुप्पट. कारखान्यांसाठी अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं घालून दिलेलं माप असं: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, ८८ मध्ये ४ तास, ९१ मध्ये २. हिशेब पुढे नेलात, तर १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर तुम्ही किती वेळ नाचलात, ते आता मनात मोजा. रात्री घरी आल्यावर कानात जे ‘कुंऽऽई’ वाजत होतं ना, ती त्या पेशींची तक्रार होती. लॉगॅरिदम कशाला शिकायचं, असं गणिताच्या सरांना विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद सरांना दाखवावा.

आणि मग येतं भाषाशास्त्र! इथे आपली मराठी कामाला येते. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर जाड आणि मोठे असतात. ‘स’, ‘श’, ‘थ’ हे बारीक आणि हलके. पुष्कळ लोकांचे कान वरच्या, म्हणजे बारीक पट्टीत आधी अधू होतात. अशा माणसाला तुम्ही बोलताय हे कळतं, पण ‘सात’ म्हणालात की ‘हात’ की ‘आत’ हे कळत नाही. म्हणूनच आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतंय रे, पण समजत नाही.’ ते नाटक करत नसतात, आणि त्यांच्या कानात ओरडून काही उपयोगही नसतो, कारण ओरडल्यानं ‘आ’ मोठा होतो, ‘स’ तिथेच राहतो.

लहान मुलाचं तर त्याहून अवघड. ‘तो आला’ आणि ‘तू आलास’ यांच्यातला फरक पाहा. ‘गेली’ आणि ‘गेलीस’. सगळा भार शेवटच्या एका ‘स’वर! ज्याला ‘स’ ऐकूच येत नाही, त्या मुलाला मराठीचं अर्धं क्रियापद अर्धवट पोचतं. तो बोलायला लागला की ‘तू कधी आला’ म्हणतो आणि मोठी माणसं त्याचं व्याकरण सुधारत बसतात. इंग्रजी पुस्तकात हे सापडायचं नाही, कारण तिथे ‘स’चं काम वेगळं. महाराष्ट्रात काम करणाऱ्या ऑडिऑलॉजिस्टला ऐकण्याच्या परीक्षेसाठी मराठी शब्दांच्या याद्या लागतात, त्या अशा जाणकारीतून बनतात. तेव्हा ‘मराठी घेऊन काय होणार’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हेही सांगा.

आता त्या बंद खोलीकडे जाऊ. तिच्या भिंती आवाज शोषून घेणाऱ्या असतात. समजा, तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुमच्यासमोर ऑडिओमीटर आहे. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे हेडफोन स्वतःच्या कानाला लावून सगळे आवाज ऐकून घ्यायचे. वायर खराखुरा करत नाही ना, डावा-उजवा बदललेला नाही ना. यंत्र खोटं बोललं, तर रुग्णाच्या कानावर खोटा शिक्का बसेल.

मग रुग्ण आत बसतो. त्याला सांगायचं, ‘आवाज कितीही हळू असला तरी ऐकू आला की बोट वर करा.’ आवाज दिला, बोट वर आलं. आता १० डेसिबलनं कमी. पुन्हा आलं? आणखी १० नं कमी. नाही आलं? ५ नं वाढवा. दहा खाली, पाच वर, दहा खाली, पाच वर. ज्या पातळीला निम्म्या वेळा तरी बोट वर येतं, ती त्या पट्टीची पायरी. २५० हर्ट्झपासून ८,००० हर्ट्झपर्यंत एकेक पट्टी तपासायची आणि आलेखावर मांडायची. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. हाच ऑडिओग्राम. जगात कुठेही जा, लाल गोल उजवाच.

सोपं वाटलं? थांबा. समजा उजवा कान पार गेलाय आणि डावा ठणठणीत आहे. तुम्ही उजव्यात मोठा आवाज दिलात, तर तो कवटीतून पलीकडे जातो, डाव्याला ऐकू येतो आणि बोट वर होतं! कागदावर उजवा कान बऱ्यापैकी चांगला दिसतो आणि तुम्ही फसता. म्हणून उजवा तपासताना डाव्यात ‘फस्स’ असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवायचं. याला मास्किंग म्हणतात. तो किती सोडायचा याचं गणित आहे; कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर तपासायच्या कानावरच पांघरूण पडतं. ऑडिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना विचारा, सगळ्यात जास्त घाम कशानं फुटला. बरेच जण मास्किंगचं नाव घेतील.

काही जण मुद्दाम फसवतात, बरं का! नुकसानभरपाईसाठी, नाहीतर परीक्षा टाळण्यासाठी. ‘माझा डावा कान बहिरा आहे’ असं एखादा म्हणतो. मग स्टेंजर नावाची गमतीदार चाचणी करतात. दोन्ही कानांत एकाच पट्टीचा आवाज एकाच वेळी द्यायचा, पण ‘बहिऱ्या’ डाव्यात जरा मोठा. दोन्ही कानांत एकच सूर असला, तर आपल्याला तो फक्त मोठ्या बाजूलाच जाणवतो. खरोखर बहिरा असेल त्याला डावीकडचा ऐकू येणारच नाही, तो उजवीकडचा ऐकून सरळ बोट वर करील. खोटं बोलणाऱ्याला मात्र आवाज फक्त डावीकडून आल्यासारखा वाटतो. डाव्या कानाचं नाटक चालू असल्यामुळे तो गप्प बसतो. आणि तिथेच पकडला जातो!

पण जे बोट वर करू शकत नाही त्याचं काय? दोन दिवसांच्या बाळाचं? इथे या विद्येची खरी कमाल आहे. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिलं की निरोगी कान आवाज नुसता ऐकत नाही, तो स्वतः बारीकसा आवाज बाहेरही सोडतो. बाळाच्या कानात इवलीशी नळी ठेवायची, टक-टक आवाज द्यायचा आणि परत येणारा प्रतिसाद मायक्रोफोननं टिपायचा. बाळ झोपलेलं असलं तरी चालतं. खरं म्हणजे झोपलेलंच बरं. दुसरी चाचणी बेराची. कपाळावर आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात टकटक देतात आणि आवाजाची नस आणि मेंदूचा खालचा भाग काय उत्तर देतो ते पाहतात. हे उत्तर इतकं बारीक असतं की मेंदूच्या बाकीच्या गोंधळात बुडून जातं. म्हणून हजार-दोन हजार वेळा टकटक करून सगळ्यांची सरासरी काढायची. गोंधळ दर वेळी वेगळा, म्हणून तो एकमेकांत कटतो. उत्तर दर वेळी तेच, म्हणून ते वर येतं. पाचवी-सहावीतल्या सरासरीचा इतका छान उपयोग मला तरी दुसरा ठाऊक नाही.

जरा मोठ्या मुलांबरोबर खेळ. ‘आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाक.’ तीन वर्षांचं पोर दहा ठोकळ्यांनंतर कंटाळतं, मग रिंगा काढायच्या, मग मणी. या पोरांना खेळवत खरं उत्तर काढून घेणं हे पुस्तकात शिकता येत नाही. घरात लहान भावंडं सांभाळलेली मुलं-मुली इथे पुढे असतात.

आणि आता या शिक्षणातला सगळ्यात कठीण धडा. त्याला परीक्षेत वेगळे गुण नसतात.

चाचणी संपलीय. बाहेर दोन वर्षांच्या मुलाचे आई-बाबा बसलेत. कागद तुमच्या हातात आहे आणि त्यावर लिहिलंय की मुलाला जवळजवळ ऐकू येत नाही. तुम्ही सांगायला सुरुवात करता आणि आई म्हणते, ‘असं कसं? मी मागे ताट वाजवलं की तो वळून बघतो!’ तो बघतो, खरंच बघतो. ताटाचा दणका जमिनीतून जाणवतो, हवेचा झोत लागतो, आईची सावली हलते. बहिरं मूल डोळ्यांनी आणि अंगानं फार हुशार असतं. बाबा म्हणतात, ‘आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात. याचा मामाही चार वर्षांचा झाल्यावर बोलला.’ आणि आजी कोपऱ्यातून म्हणते, ‘नवस बोललाय, होईल सगळं.’

काय कराल? घाईघाईनं यंत्राची माहिती द्यायला लागलात, तर त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरणार नाही. शिकवणारे सांगतात, आधी गप्प बसा. त्यांना रडू द्या. प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या. पण त्याच वेळी घड्याळही चालू असतं. मेंदू भाषा शिकायला सगळ्यात तयार असतो तो पहिल्या काही वर्षांत, आणि तेवढ्या काळात त्याच्यापर्यंत कुठली तरी भाषा पोचलीच पाहिजे. म्हणून या क्षेत्रात एक-तीन-सहा असं सूत्र आहे: पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्याच्या आत पक्कं निदान, सहाव्याच्या आत उपाय सुरू. ‘बघू, बोलेल मोठा झाला की’ असं म्हणत गेलेली दोन वर्षं नंतर कुठल्याही यंत्रानं पूर्ण भरून निघत नाहीत. त्या आई-बाबांना दोष न देता हे त्यांच्या गळी उतरवायचं आहे, आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा यायलाही हवेत. बावीस-तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी हे सोपं नाही. काही जण पहिल्या वेळी बाहेर येऊन स्वतःच रडतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जाता जाता एक सांगतो. ‘मुका-बहिरा’ हा शब्द तोंडातून काढून टाका. बहुतेक बहिऱ्या मुलांच्या गळ्यात काहीही बिघाड नसतो. ऐकलंच नाही, तर बोलणार कसं, एवढाच प्रश्न असतो. आणि बोलता आलंच पाहिजे असंही नाही. खुणांची भाषा ही पुरी भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये दिल्लीत सरकारी संस्था सुरू झाली. श्रवणयंत्र, शस्त्रक्रियेनं बसवायचं कॉक्लियर इम्प्लांट, खुणांची भाषा, सगळ्या वाटा आई-बाबांसमोर मोकळेपणानं मांडणारा ऑडिऑलॉजिस्ट मला जास्त आवडतो. इम्प्लांट बसवतात ते शल्यविशारद, पण ते चालू करणं आणि महिनोन्‌महिने जुळवत राहणं हे ऑडिऑलॉजिस्टचं काम. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्र सरकारची ॲडिप योजनाही आहे. त्यात वयाची अट असते, म्हणून तिथेही उशीर महागात पडतो.

हातकामही भरपूर आहे. श्रवणयंत्र कानात नीट बसायला प्रत्येकाच्या कानाचा साचा घ्यावा लागतो. आधी दोरा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा छोटा बोळा आत सरकवायचा, म्हणजे मऊ लगदा पडद्यापर्यंत जाणार नाही. मग सिरिंजनं लगदा भरायचा, तो घट्ट झाला की हलकेच फिरवून बाहेर काढायचा. हे विद्यार्थी आधी एकमेकांच्या कानांवर शिकतात, त्यामुळे वर्गमित्र जरा जपून निवडावे!

एम.एस्सी.ला गेलात की खोल पाणी. कॉक्लियातली सूक्ष्म हालचाल, नसेतले विद्युत संदेश, इम्प्लांटची जुळणी, आणि स्वतःचं छोटं संशोधन. तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचाही अभ्यास आहे, कारण तेही आतल्या कानातच असतं. तिथे कॅल्शियमचे बारीक खडे असतात. ते जागचे हलून अर्धवर्तुळाकार नळ्यांत शिरले की कूस बदलताच खोली गरगर फिरते. अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरांनी यावर युक्ती काढली: डोकं ठरावीक कोनांत, ठरावीक क्रमानं फिरवायचं, की खडे घरंगळत परत जागेवर! गोळी नाही, इंजेक्शन नाही. ज्यांना बाहेर शिकायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की अमेरिकेत या कामाला आता ए.यू.डी. ही डॉक्टरेट लागते आणि पदवीनंतर साधारण चार वर्षं जातात.

आता प्रवेशाचं. बारावी विज्ञान हवी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासह; जीवशास्त्र घेतलेलं असलं म्हणजे निर्धास्त. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत नीटच्या गुणांवर प्रवेश होतात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा असते. हे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. शेजारच्या दादाच्या वेळी काय होतं यावर जाऊ नका. मुंबईत नायर रुग्णालय आहेच, शिवाय वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८३ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या एका राज्यपालांचं नाव तिला दिलेलं आहे. पुण्यात भारती विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. कुठेही प्रवेश घ्या, पण त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आर.सी.आय.ची मान्यता आहे ना, हे आधी पाहा. पदवीनंतर या परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय काम करता येत नाही.

आई-बाबांनो, हे चार शब्द तुमच्यासाठी. ‘एम.बी.बी.एस. नाही मिळालं म्हणून हे’ अशा मनानं मुलांना इथे पाठवू नका. अशी मुलं पहिल्या वर्षी पुन्हा नीटचीच पुस्तकं उघडून बसतात आणि एक जागा वाया जाते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. हात बसल्यावर स्वतःचं केंद्र काढता येतं, रुग्णालयं, विशेष शाळा, महाविद्यालयं, श्रवणयंत्रांच्या कंपन्या अशा जागा आहेत. कंपनीत विक्रीचा आकडा गाठायचा दबाव असतो, हेही आधीच माहीत असू द्या. ज्याला श्रवणयंत्राची गरज नाही त्याला ‘नको घेऊ’ असं सांगणारा ऑडिऑलॉजिस्ट मिळाला, तर त्याला सोडू नका. आणि आणखी एक. तुमचं मूल टीव्ही मोठा लावतं, हाक मारली तर दुसऱ्यांदा वळतं, सर्दीनंतर वर्गात ‘लक्ष नाही’ असा शेरा येतो, तर रागवण्याआधी कान तपासून घ्या. सर्दीत पडद्यामागे पाणी साचतं आणि सगळं जग उशीतून आल्यासारखं ऐकू येतं. बहुतेकदा ते उपचारानं बरं होतं.

आणि ज्यांना हे काम डोळ्यांनी पाहायचं आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत मोठ्यांना बरोबर घेऊन जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जावं आणि ऑडिऑलॉजिस्टना विनंती करावी, ‘अर्धा तास बसून पाहू का?’ रुग्णाची परवानगी असेल, तर पुष्कळदा हो म्हणतात. जमलंच तर स्वतःचाही ऑडिओग्राम काढून घ्या आणि वहीत चिकटवून ठेवा. लाल गोल उजवा, निळी फुली डावी.

पुढच्या आठवड्यात आपण भेटणार आहोत जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्यांना. नारळ हातात धरून नव्हे हं, भूगर्भशास्त्र शिकून!